मोठ्या गटातली एकच जागा

सातव्यांदाही वेंडेलने फोन उचलला नाही.

लोर्ना हेगस्टॅडने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि लगेच पुन्हा सुलटा केला. अकराला दहा कमी. साडेअकरापर्यंत उत्तर द्यायचं होतं.

समोर करारपत्र पडलं होतं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात बड्या गटाने ब्लॅकलॉक विद्यापीठाला आपल्यात बोलावलं होतं. सकाळी नऊला, अचानक. त्या गटाचे सामने दर शनिवारी देशभर टीव्हीवर दिसत. लोर्ना ब्लॅकलॉकची कुलगुरू. तिचा स्वतःचा गट शंभर वर्षं जुना, दहा विद्यापीठांचा; पण चार जण या उन्हाळ्यात बड्यांकडे निघून गेले होते. उरलेले सहा जण आज दुपारी बाराला नव्या प्रक्षेपण करारावर सह्या करणार होते. टीव्ही कंपनीने बजावलं होतं, सहा म्हणजे सहा. एक जरी फुटला तरी करार रद्द.

आणि फुटलाच तर नदीपलीकडचा वेंडेल ऑकर्मन फुटेल, असं सगळे म्हणत होते. तो मेरिडनचा कुलगुरू. त्याचा संघ तगडा, त्याचं शहर मोठं.

जूनमध्ये पुलाजवळच्या खानावळीत दोघं सफरचंदाचा केक खात बसले होते. वेंडेलने हात पुढे केला होता. "जायचं तर दोघांनी, राहायचं तर दोघांनी."

"लिहून देऊ?" लोर्नाने विचारलं होतं.

"तुझ्या अक्षरात? मग वाचणार कोण?"

बावीस वर्षांची मैत्री. आणि आज तोच फोन उचलत नव्हता.

तिने त्याच्या कार्यालयात फोन लावला. सेक्रेटरी अडखळली. "सर मीटिंगमध्ये आहेत, मॅडम."

"कुणाबरोबर?"

"ते... सांगायचं नाही म्हणालेत."

खिडकीशी गॉर्डन प्रुइट उभा होता. मळणी यंत्रांचा व्यापारी, विद्यापीठाच्या नियामक मंडळाचा अध्यक्ष. आत आल्यापासून तो खुर्चीवर टेकला नव्हता.

"पेपरच्या बातमीदाराने आत्ता सांगितलं," तो म्हणाला. "मेरिडनचं अख्खं मंडळ सकाळी आठपासून दार लावून बसलंय. सहलीचा बेत तर नाही ना आखत ते?"

"वेंडेल तसा नाही."

"मागच्या महिन्यात गेलेले चौघं तरी कुठे तसे होते? आदल्या दिवशी तुझ्याशी हसून बोलले होते ना?"

बोलले होते. एकाने तर ख्रिसमसला घरी यायचं आमंत्रण दिलं होतं.

लोर्नाने बड्या गटाच्या माणसाला, डीट्झला फोन लावला. "ही जागा मेरिडनला देऊ केलीय का तुम्ही?"

"दुसऱ्यांबद्दल आम्ही बोलत नाही," डीट्झ शांतपणे म्हणाला. "एवढंच सांगतो, जागा एकच आहे. साडेअकरानंतर ती तुमची नसेल."

खाली मैदानावर सराव चालला होता; शिट्टी वाजली की पोरं धडाधड एकमेकांवर आदळत. या गावात फुटबॉलच्या जिवावर बाकीचे खेळ चालत. पोहणं, कुस्ती, मुलींची नौकानयनाची तुकडी. टीव्हीचे पैसे गेले की आधी तेच बंद पडणार. वसंतात त्या मुलींनी तिला आपल्या नावेत बसवून नदीवर फिरवलं होतं.

"मंडळाने सगळे अधिकार तुला दिलेत," गॉर्डन म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "पण तो आधी उडी मारून मोकळा झाला आणि आपण त्याच्या फोनची वाट बघत बसलो, तर त्या पोरींसमोर तू जायचंस. मी नाही जाणार."

तिने आठव्यांदा फोन लावला. रिंग वाजत राहिली. वाजून वाजून थांबली.

अकरा चोवीसला लोर्नाने सही केली. घाईत आडनाव रेषेखाली घसरलं. कागद स्कॅन होऊन गेला. दोन मिनिटांत डीट्झचं उत्तर आलं. 'स्वागत आहे. बारापर्यंत कुणाशी बोलू नका.' गॉर्डनने तिचा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि मंडळाला कळवायला बाहेर धावला.

ती खुर्चीत मागे टेकली. छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही.

फोन थरथरला. वेंडेल.

"लोर्ना, माफ कर गं!" त्याचा घसा बसला होता. "यांनी फोनसुद्धा बाहेर ठेवायला लावले होते. ऐक, काल संध्याकाळी त्या बड्यांनी मला बोलावलं. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं, तुला सकाळी सांगणार होतो. पण सकाळी मंडळाने मला असं धारेवर धरलं म्हणून सांगू! शेवटी राजीनामा टेबलावर ठेवला, तेव्हा कुठे वरमले. बाराला सही करतोय आपण."

तिने सही केलेला कागद टेबलावर पालथा घातला.

"आणि गंमत ऐक," तो हसत म्हणाला. "मंडळवाले म्हणत होते, आपण सोडलेली जागा ब्लॅकलॉक पटकावेल. मी छातीठोकपणे सांगितलं, 'लोर्ना? शक्यच नाही!'"