साध्या फायली

"नोटपॅडमधल्या साध्या फायलींतून कधी वेबसाइट होते का?" साहेब निलांबरीवर खेकसले. पंप बसवण्याच्या माहितीची अख्खी साइट तिने तशा फायलींतूनच उभी केली होती.

तेवढ्यात फिटरचा फोन आला; तिने तो स्पीकरवर घेतला. "ताई, घात होईल! आधी मोटर चालू करा, मग पंपात पाणी भरा, असं लिहिलंय साइटच्या पानावर. पंप कोरडा फिरून जळेल. गावोगावची आमची पोरं हेच वाचून पंप बसवतायत!"

साहेबांचा चेहरा उतरला. "थांबा, डिझायनरला बोलावतो," म्हणत ते मोबाइलमध्ये नंबर शोधू लागले.

"कशाला?" निलांबरीने फाइल उघडली, दोन ओळींची अदलाबदल केली आणि एक कमांड दिली. साइट नव्याने तयार झाली. "दादा, पान पुन्हा उघडा बरं."

"बदललं की, ताई!"

साहेब अजून नंबरच शोधत होते.