लोखंडी मूठ

बोटीवरच्या नोकरीतून आणलेली, खेळाच्या यंत्रातली सर्किटची पाटी रघुनाथने भावाच्या घरी, माळीवाड्यातल्या पहिल्या टीव्हीला जोडली. पडद्यावर चेंडू उसळला. खेळायच्या दोन लोखंडी मुठी सतरंजीवर मांडून त्याने चार वर्षांच्या पुतणीला हाक मारली. मंदाकिनीने लेकीला मागं ओढलं. "थांबा भावजी, आधी टेस्टर लावते." "रेडिओच्या दुकानात दादाला डबा नेऊन देता, म्हणून मेकॅनिक झालात व्हय, वहिनी?" सासूबाई फणकारल्या, "दिराचं कौतुक हिला बघवतच न्हाई." मंदाकिनीने टेस्टर मुठीला टेकवला. आतला दिवा लाल पेटला. प्लग उलटा खोचल्यामुळे टीव्हीच्या सांगाड्यात वीज आली होती आणि तारेतून मुठीत उतरली होती. "टेस्टरच बिघडलाय तुमचा," रघुनाथ म्हणाला. तिने लेकीला कडेवर घेतलं. "असंल. मग तुम्हीच धरा." सगळ्यांदेखत माघार नको म्हणून रघुनाथने हात पुढे केला, तेवढ्यात सासूबाईंनीच त्याचा दंड गच्च पकडला.