उशाची घंटा

सासऱ्यांनी अंथरूण धरल्यापासून थोरलीने घराबाहेर पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. शेवटी नणंदेनेच तिला दटावलं, "वहिनी, दोन दिवस अण्णांना मी बघते. तू मैत्रिणीबरोबर कुठेतरी जाऊन ये, आणि तिकडून सारखे फोन करू नकोस."

गेली बिचारी. परक्या गावात दोघी सकाळपासून जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घालत होत्या. घ्यायचं असं काहीच नव्हतं, पण आपल्याला कुणी हाक मारत नाही, एवढ्यावरच थोरली खूश होती. अशाच एका दुकानात ती खिडकीपाशी निळी फुलदाणी उजेडात धरून निरखत असताना मैत्रिणीने मागच्या फळीवरची पितळी घंटा सहज वाजवून पाहिली.

"आले अण्णा, आले," म्हणत थोरलीने फुलदाणी होती तिथे टेकवली आणि ती दारापर्यंत धावलीसुद्धा. मग भानावर येऊन तिथेच ओशाळून उभी राहिली.

"घरी अण्णांच्या उशाशी अशीच आहे हो," ती दुकानदारीण आजींना म्हणाली.

हातातलं विणकाम टाकून आजीही खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. गुडघा चोळत त्या पुन्हा खाली बसल्या.

"आमच्या सासूबाईंची ती. त्या गेल्या तेव्हापासून विकायला ठेवलीय. पण नेत कुणी नाही, नुसती वाजवून जातात."