पहिला आहेर

"पुन्हा झाकण उघडलंस? अगं, मांती शिजायच्या कधी?" कुलाशनं ओरडून पातेल्यावर झाकण आदळलं.

बोताकोझनं आईची पाठ वळल्याबरोबर ते पुन्हा सरकवलं. मटण भरून उकडायला ठेवलेल्या त्या मोदकांची वाफ स्वयंपाकघरभर पसरली. तिला मांतीचं काही पडलेलं नव्हतं, वाफ हवी होती. कारण शेगडीशेजारी ओट्यावर, टेबलावर अंथरायच्या पांढऱ्या कापडाखाली, काचेच्या पेटीत कामशी होता. कामशी म्हणजे चाबूक. चांगला दीड हात लांब अजगर, पण स्वभावानं इतका गरीब की हे नाव म्हणजे त्याची थट्टाच होती.

आज तो कात टाकणार होता. कारागांदा शहराच्या थंडीत बाहेर बर्फ आणि घरात दिवसरात्र तापलेले रेडिएटर. हवा अशी कोरडी की माणसांचे ओठ फुटतात, तिथं सापाच्या कातीची काय कथा. गेल्या हिवाळ्यात ती तुकड्यातुकड्यांनी निघाली, शेपटीला आवळून बसली आणि शेपटीचं टोक काळं पडून गळून गेलं. बोता चार दिवस धड जेवली नव्हती. या खेपेला ती सकाळपासून पेटीतल्या ओलाव्याच्या काट्यावर डोळा ठेवून होती.

आणि नेमकी आजच, तिला मागणी घातलेल्या सांझारची आई लग्न ठरवायला यायची होती. सांझारला साप ठाऊक होता, त्याच्या आईला नव्हता.

"आज सोयरीक जमू दे," कुलाशनं निक्षून सांगितलं होतं, "उद्या हे जनावर घराबाहेर. साप काखोटीला मारून सासरी गेलेली सून पाहिलीयस कधी?"

बोतानं मान हलवली होती खरी, पण तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सांझारची आई रायखानबाई आल्या त्या जिन्यातूनच हसत. अंगानं भरभक्कम, खांद्यावर उंटाच्या लोकरीची शाल. सांझार निमूट बैठकीत टेकला. बाई मात्र मानाची जागा सोडून थेट स्वयंपाकघरात शिरल्या.

"बसा ना विहीणबाई, बसा!" कुलाश ओट्यापुढे आडवी झाली.

"बसून बसून गाडीत पाठ मोडली माझी. काय गं पोरी, या कापडाखाली बाउरसाक आहेत वाटतं? एक दे गरम गरम, पोटात कावळे ओरडतायत." आणि त्यांनी कापड उचललं.

आत तळलेल्या पुऱ्या नव्हत्या. कामशीनं ओल्या शेवाळावर नाक घासून डोक्यावरची कात नुकतीच सोडवली होती. तो बाईंकडे पाहत होता, बाई त्याच्याकडे.

"दूध आण," मान न वळवता रायखानबाई म्हणाल्या.

घरात साप दिसला की त्याच्या डोक्यावर दूध शिंपडायचं आणि मानानं दार उघडून द्यायचं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. दाराबाहेर तर हाडं गोठवणारी थंडी होती.

बोता पेटीसमोर उभी राहून रायखानबाईंना म्हणाली, "नाही, अपा. तो बाहेरून आलेला नाही, माझा आहे. बाहेर काढलंत तर मरेल तो. मग लग्न मोडलं तरी चालेल मला!"

"गेली! सोयरीक गेली!" कुलाशनं पदरासारखा एप्रन तोंडाशी धरला.

"अगं, काढतंय कोण?" रायखानबाईंनी स्वतःच ओट्यावरच्या दुधाच्या वाटीत बोट बुडवून दोन थेंब पेटीत शिंपडले. "आमच्याकडे वाट चुकून आलेल्याचाही मान राखतात, हा तर घरचा. आणि सरक जरा, बघू दे. अडकलाय बघ."

खरंच अडकला होता. कापड निघालं, वाफ विरली, काटा घसरला होता. कात मानेच्या खाली गोळा होऊन थांबली होती.

"या मेल्या रेडिएटरनं माझ्या टाचांना भेगा पाडल्या, याचं काय होणार!" बाईंनी अंगावरची शाल काढून पेटीच्या वरच्या जाळीवर, शेगडीकडची कड मोकळी ठेवून, पसरली. "विहीणबाई, उघडा ते पातेलं!"

"पण मांती..."

"उघडा हो!"

कुलाशनं झाकण उघडलं. वाफेचा लोट उठला. तिघी काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"आई, जेवायला मिळणार आहे का?" बाहेरून सांझार ओरडला.

"गप रे! इथं कपडे बदलणं चाललंय."

काटा चढला. कामशीनं अंगाला एक वळसा दिला, आणि पायातला मोजा उलटा निघावा तशी कात सरकत गेली. पोट, पाठ, गेल्या वर्षीचं ते थोटं टोकसुद्धा. अख्खी, एकसंध. आतला कामशी न्हाऊन आल्यासारखा चकचकीत! बोता हसली, रडली आणि होणाऱ्या सासूच्या गळ्यातच पडली. एवढा आनंद तिला सांझारनं मागणी घातली तेव्हाही झाला नव्हता.

कुलाशला एकदम आहेर आठवला. विहिणीच्या खांद्यावर घालायचा नवा कोरा कोट तिनं धावत जाऊन आणला. "विहीणबाई, राग मानू नका, हा आमचा..."

"थांबा. आधी हा." रायखानबाईंनी दोन्ही तळवे पुढे केले. बोतानं त्यावर ओली कात ठेवली. बाईंनी ती कपाळाला लावली. "अंगावरचं काढून देणारा यजमान आज पहिल्यांदाच भेटला मला."

मांती कच्च्याच राहिल्या होत्या, पण तिकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. कोट घालून बाई बैठकीकडे निघाल्या, तेव्हा बोता त्यांची शाल पेटीवरून उचलायला वाकली.

"राहू दे गं तिथंच," रायखानबाई म्हणाल्या. "त्याचा आहेर मी घेतला. माझा नको का त्याला?"