उणे एक

टूल म्हणालं, चूक नाही. तिने पुन्हा चालवलं. चूक नाही. चूक तर तिला समोर दिसत होती. तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण ते तिनेच लिहिलेलं, मारणार कोणाला!

सी भाषेतले प्रोग्राम वाचून टाइपच्या, म्हणजे आकड्यांच्या प्रकारांच्या, चुका पकडणं, हे त्याचं काम. जिथे शून्याखालचा आकडा चालत नाही तिथे उणे आकडा शिरला, की बोंब मारायची. पण टाइपला कोणी दुसरं नाव दिलं, की हा पठ्ठ्या ओळखच विसरायचा. आणि याच्याच भरवशावर लिफ्टच्या कंपनीला ‘निर्दोष’ असा शेरा देऊन झाला होता.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. शेवटी साहेबांच्या टेबलाशी गेली.

“सर, लिफ्टवाल्यांना फोन करून शेरा मागे घ्यायला हवा.”

साहेब घरी निघायच्या घाईत होते. “का? कुठे आभाळ कोसळलं?”

“तळघर म्हणजे उणे एक. त्यांच्या प्रोग्राममध्ये उणे आकडा बसत नाही, त्याचे उलटून चारशे कोटींच्या वर होतात. तळघरात उतरताना लिफ्टला वाटणार, आपण गच्चीच्याही वर आहोत. ब्रेक लागेलच असं नाही.”

“लागणार नाही असंही नाही ना? पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त कर. आपणच आपली अब्रू वेशीवर टांगली, तर उद्या दारात उभं कोण करेल?”

“आणि तोवर कोणाचं काही झालं तर?”

“तुझं आपलं काहीतरीच!”

साहेब निघाले. ती तणतणत त्यांच्या मागोमाग लिफ्टपर्यंत गेली. या इमारतीतली लिफ्टही त्याच कंपनीची, नवा प्रोग्राम सकाळीच चढवलेला. साहेबांची गाडी तळघरात.

लिफ्ट आली. आत वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या सरकून म्हणाल्या, “या ना, तळघरातच ना?”

साहेबांचा पाय काही उचलेना.

“तुम्ही व्हा पुढे,” ते म्हणाले. “मी आपला जिन्याने येतो.”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांनी मान वळवली. दार मिटायला लागलं.

आणि एकदम साहेबांनी पाय मध्ये घातला. दार बुटावर आपटलं, उघडलं, पुन्हा आपटलं.

“उतरा डॉक्टर,” ते म्हणाले. मग तिच्याकडे न बघताच, “लाव लिफ्टवाल्यांना फोन.”

“काय सांगू? कोणी शेरा मागे घेतला?”

“माझं नाव सांग,” साहेब म्हणाले. पाय त्यांनी अजून काढला नव्हता.