नांगराआधीची भाजी

"घरी न्या. खावंसं वाटेल ते द्या," डॉक्टरांनी उत्तरेश्वरला दाराबाहेर नेऊन सांगितलं. "फार तर दिवाळीपर्यंत."

आत येऊन तो बायकोला, गिरिजाबाईला, म्हणाला, "सूज हाय म्हणं. गोळ्यांनी जाईल."

कळंबच्या स्टँडवर उतरताना गिरिजाबाई म्हणाली, "परवा ऋषिपंचमी. औंदा उद्यापन करून टाकू. लई सालं धरला उपास."

होय म्हटलं तर तिला संशय येईल, असं त्याला वाटलं. "पुढच्या साली थाटात करू. घाई काय हाय?"

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत बांधावर निघाली. या उपासाला बैलाच्या कष्टाचं चालत नाही. म्हणून ती आपोआप उगवलेला पाला आणायची. दरवर्षी एकटी जायची. या वेळी तिनं त्याला सोबत घेतलं.

"बैलं इकून धा सालं झाली," तो म्हणाला. "आता समदं ट्रॅक्टरचं. तुला पोळी बी चालंल की."

"ट्रॅक्टर काय नांगरत न्हाय व्हय? नांगरच नव्हता तवा माणसं जे खात व्हती, ते खायाचं."

तिनं त्याला कुर्डू दाखवला, पाथरी दाखवली. मग चिगळ, आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी. "देठ मोडून बघा. हिच्यातनं दूध येतंय. ही न्हाय घ्यायची." तो चुकला. तिनं पुन्हा तोडायला लावली. तो पुन्हा चुकला. ऊन चढलं तसा तो वैतागला.

"असला पाला खाऊनच ती माणसं लवकर मरत असतील," तो बोलून गेला.

गिरिजाबाई हसली. "मरत असतील. पर मागं राहील त्याला दावून मरत असतील. न्हायतर आपल्याला कसं कळलं असतं, काय खायाचं?"

तो तिच्याकडं बघत राहिला. ती खाली वाकून पाला खुडत होती.

नवरात्रात ती गेली.

पुढच्या वर्षी पंचमीला उत्तरेश्वर एकटाच बांधावर गेला. प्रत्येक चिगळीचा देठ मोडून पाहिला. दूध आलेली बाजूला टाकली. भाजी शिजवून आधी तिच्या ताटात वाढली, मग आपण खाल्ली. मीठ कमी पडलं होतं.

उद्यापनाला जोडपं लागतं. ते राहिलं.