हृदयाचं शून्य

अण्णांचं कृत्रिम हृदय रोज सकाळी स्वतःची तपासणी करून पडद्यावर ‘शून्य’ दाखवायचं. शून्य म्हणजे सगळं ठीक. आज जिना चढून आल्यावर अण्णांना धाप लागली होती, तरी शून्यच! त्यांच्या लेकीने, मृणालने, तपासणी चालवणारी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, उघडली. शेवटी ‘सुप्रभात’ म्हणायची आज्ञा तिनेच हौसेने जोडली होती. स्क्रिप्ट शेवटच्या आज्ञेचाच निकाल कळवते. तपासणी फसली तरी ‘सुप्रभात’ नीट झालं म्हणून ती शून्यच म्हणाली असती.

तिने ती ओळ खोडून तपासणी पुन्हा लावली.

“आहे की गेलोय गं?”

“गप्प बसा, अण्णा!”

शून्य.

मृणाल अण्णांकडे वळली. “मग ही धाप?”

अण्णा ओशाळले. “शेजारच्या कर्णिकबाईंशी पैज लागली होती. पळत चढलो.”

“अण्णा!”

“जिंकलो पण!”